दोन लिंबांचा घोळ

गेल्या उन्हाळ्यात एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना मी ‘गिमलेट’पाशी अडले. सुताराच्या पेटीतले गिरमिट हे याच शब्दाचे मराठी रूप. पण कथेतल्या माणसाच्या हातात पेला होता. जिन आणि लाइमचा गोड अर्क यांचे ते पेय. चव कळल्याशिवाय शब्द सुचेना, म्हणून घरीच करून पाहिले. चार कागदी लिंबांची नुसती हिरवी साल किसली, 100 ग्रॅम साखरेत चोळून तासभर ठेवली, मग त्यात लिंबे पिळली. साखर विरघळल्यावर गाळून घेतले. 60 मिलिलिटर जिनला हा अर्क 30 मिलिलिटर, आणि भरपूर बर्फ घालून भांडे गारठेपर्यंत हलवले. आधी सालीचा कडसर वास, मग आंबटगोड, शेवटी जिनचा झणका. उन्हाळ्याला उत्तम.

अनुवादात ‘लिंबाचा रस’ लिहून मी मोकळी झाले. पुढच्याच पानावर लेमन आला आणि तिथेही माझ्याकडे लिंबूच होते. आपले रोजचे कागदी लिंबू म्हणजे लाइम. भूमध्य समुद्राकाठचा पिवळा, जाड सालीचा लेमन हे वेगळे फळ. लाइम, लेमन, फारसीतला लीमू आणि आपले लिंबू हे शब्द मात्र एकाच गोतातले. त्यामुळे घोळ होतोच. तो इंग्रजांच्या आरमारानेही केला, आणि त्यात माणसे गेली.

लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. रोज दोन संत्री आणि एक लेमन मिळालेली जोडी सर्वांत लवकर सावरली. 1795 पासून आरमाराने लेमनचा रस द्यायला सुरुवात केली आणि रोग जवळपास हटला.

कागदोपत्री या रसाला कधी ‘लेमन ज्यूस’, कधी ‘लाइम ज्यूस’ म्हणत. म्हणूनच 1860 नंतर भूमध्य सागरी लेमनच्या जागी वेस्ट इंडीजमधल्या इंग्रजी वसाहतींतले लाइम आले, तेव्हा काही बदलले असे कोणाला वाटले नाही. 1867 मध्ये व्यापारी जहाजांवरही असा रस देणे कायद्याने बंधनकारक झाले. त्याच वर्षी लॉकलिन रोझ याने मद्याऐवजी साखर घालून लाइमचा रस टिकवण्याचे पेटंट घेतले. गिमलेटमध्ये पडतो तो हाच अर्क.

1875 मध्ये जॉर्ज नेअर्स यांची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली. जहाजांवर लाइमचा रस होता, तरी स्लेजगाड्या ओढणारे खलाशी स्कर्व्हीने कोसळले. काही दगावले. पुढच्या वर्षी मोहीम अर्धवट सोडून परतावे लागले. चौकशी समितीने ठपका ठेवला तो स्लेजवर रस नेला नाही याचा. फळच बदलले होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते कळायला 1918 उजाडले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी प्राण्यांवर प्रयोग केले. ताज्या लाइमच्या रसात लेमनच्या जेमतेम पाव ताकद निघाली. साठवलेल्या रसात जवळपास काहीच नाही. मग अॅलिस हेंडरसन स्मिथ यांनी जुनी दप्तरे चाळली. ज्या ‘लाइम ज्यूस’ने आरमाराला वाचवले, तो बहुतांशी लेमनचा होता, हे त्यांनी दाखवले. हे काम मला अनुवादकाचेच वाटते: शब्द तोच असला, तरी त्यामागची वस्तू तीच आहे का, ते पाहण्याचे.

माझ्या अनुवादात आता गिमलेटमध्ये ‘कागदी लिंबू’ आहे आणि पुढच्या पानावर ‘लेमन’ तसाच ठेवला आहे. संपादकांनी विचारले, “दोन्हीकडे लिंबू का नको? वाचकाला काय फरक पडतो?” मी त्यांना नेअर्सच्या स्लेजगाड्यांची गोष्ट सांगितली.