धूळ जाते कोठे?



आजीला चूल फुंकताना तुम्ही पाहिलेच असेल. फुंकणी तोंडाला लावून ती दम भरते, राख उडते आणि निखारा लाल होतो. पण ती राख जाते कोठे? आजीच्या डोळ्यांत, तिच्या पदरावर आणि शेजारच्या दुधाच्या पातेल्यात! फुंकरीने राख जागची हलते. नाहीशी होत नाही. आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? पण मौज अशी की, एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या इंजिनिअरांनाही ठेच लागल्यावरच कळली. मलाही तशीच कळली; ते पुढे सांगतो.

दाबलेली हवा माणसाच्या ओळखीची फार जुनी. लोहाराचा भाता म्हणजे दुसरे काय? मात्र ती मोठ्या कामाला जुंपली गेली एकोणिसाव्या शतकात. फ्रान्स आणि इटली यांच्यामधल्या आल्प्स पर्वतातून सुमारे १३ किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा खणण्याचे काम १८५७ साली सुरू झाले. तेथे दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे खडकाला भिडली आणि १८७१ साली बोगदा खुला झाला. पुढे अमेरिकेत जॉर्ज लेनर याने छिद्रातला चुरा हवेच्या झोताने बाहेर फेकणारे यंत्र काढले. चुरा बाहेर आला खरा, पण आला तो खाणकामगारांच्या तोंडावर! दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की माणूस खंगत जातो. कामगारांनी ते यंत्र नाकारले. मग लेनरने हवेबरोबर पाणीही सोडले, आणि धूळ चिखल होऊन खाली बसू लागली. तेव्हा धूळ उडवणे निराळे आणि तिची वाट लावणे निराळे, हे ध्यानात ठेवा.

आता लंडनला येऊ. १९०१ साली तेथील एका नाट्यगृहात गालिचे साफ करणाऱ्या एका अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. यंत्र हवेचा झोत सोडी आणि धूळ उडून वरच्या पेटीत पडावी अशी अपेक्षा. बरीचशी धूळ अर्थातच पुन्हा गालिच्यावर बसे. प्रेक्षकांत ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याने विचारले, “फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही?” यंत्रवाला म्हणाला, “ते शक्य नाही.” बूथ गप्प बसला, पण प्रश्न काही त्याला सोडीना. पुढे एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावले आणि जोराने श्वास ओढला. ठसका लागून जीव कासावीस झाला, पण धूळ तोंडात आली! मग कापडातून हवा ओढली तर धूळ कापडावर अडकेल आणि हवा पुढे जाईल, हे तत्त्व त्याने पकडले. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले. त्याचे यंत्र इतके अवजड होते की घोडे जुंपून ते दारापर्यंत न्यावे लागे. लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे याच यंत्राने साफ झाले.

संगणकाचे आणि धुळीचे वैरही जुनेच. १९५६ साली आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ हा संगणक आणला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या गरगर फिरत. माहिती वाचणारे टोक तबकडीला घासू नये म्हणून दाबलेल्या हवेची पातळ गादी त्यांच्यामध्ये ठेवलेली असे. म्हणजे हवा येथे फुंकर म्हणून नव्हे, आधार म्हणून आली. पुढे हे अंतर कमी होत गेले, तसा धुळीचा एक कणही दगडासारखा आडवा येऊ लागला. म्हणून तबकड्या बंद डबीत गेल्या. पण संगणकाच्या पेटीला तसे बंद करता येईना. आतली उष्णता बाहेर टाकायला पंखा हवा, आणि पंखा हवेबरोबर धूळही ओढणारच!

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेतला एक संगणक दहा मिनिटांत आपोआप बंद पडू लागला. पेटी उघडली तो पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर धुळीची गोधडी! मी मोठ्या ऐटीत तो पंक्चरवाल्याकडे नेला आणि हवेची नळी आत धरली. पंखा भिंगरीसारखा फिरला. मला वाटले, काम फत्ते. शाळेत येऊन बटण दाबले, तर संगणक मुका. आत पाण्याचे थेंब होते. दमट हवा टाकीत दाबली जाते, मग निवते, आणि तिच्यातले पाणी सुटते. सोबत कॉम्प्रेसरचे तेलही येते. हे भौतिकशास्त्र मी पुस्तकात वाचले होते. पण त्या दिवशी आठवले नाही. त्या वर्षी तीन-तीन मुलांना एका संगणकावर बसावे लागले. पोरे काही बोलली नाहीत, पण मला ते फार लागले.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एवढे करा. संगणक बंद करून वायर काढा आणि पेटी वर्गात नव्हे, ओसरीवर उघडा. नाकाला रुमाल बांधा. मऊ ब्रशाने धूळ सुटी करा. पंखा बोटाने धरून ठेवा आणि लांबून थोडा थोडा झोत सोडा. बाजारात ‘हवेचा डबा’ मिळतो. त्यात बहुधा हवा नसते, दाबून द्रवरूप केलेला वायू असतो. डबा उलटा धरला तर बर्फासारखा थंड द्रव बाहेर येतो आणि कातडी भाजावी तशी पोळते. कित्येक डब्यांतला वायू पेटही घेतो. आणि तो मुद्दाम हुंगला तर हृदय जागीच थांबू शकते. म्हणून डबा कुलपात ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि शेवटी ओसरी झाडायला विसरू नका. नाहीतर आज बाहेर काढलेली धूळ उद्याच्या वाऱ्याबरोबर पुन्हा वर्गात येईल, आणि तेथे संगणकाशेजारी आपलीच मुले बसलेली असतील, बरं का!