सक्करदऱ्याचा जामीन

कोणाला विषमज्वर झाला किंवा कोणाचा पाय मोडला, तर ती वार्ता शेजारींपाजारीं सांगण्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. समाचाराला माणसें येतात, औषधाची चौकशी होते, चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या जातात. मन आजारी पडलें म्हणजे मात्र घराचीं दारें आपोआप लागतात. "मुलीचें लग्न अडेल", "लोक काय म्हणतील", या दोन वाक्यांपुढें वैद्य आणि डॉक्टर दोघेही हात टेकतात. ही लपवणूक रूढ कशी झाली, आणि ती मोडली तेव्हां काय घडलें, हें सांगणारा एक प्रसंग नागपूरच्या सक्करदरा भागांत घडून गेला आहे.

नागपूरकर तिसरे रघूजी भोसले १८५३ सालीं निवर्तले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि १८६४ सालीं नागपुरांत वेड्यांचें इस्पितळ निघालें. अशा इस्पितळांचा कारभार १८५८ सालच्या छत्तिसाव्या कायद्यानें चाले. भटकणारा वेडा इसम आढळल्यास त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढें उभें करणें हें पोलीस अधिकाऱ्याचें कर्तव्य असे. मॅजिस्ट्रेटानें डॉक्टरच्या साह्यानें त्याची परीक्षा करावी, आणि खात्री पटल्यास त्याला इस्पितळांत धाडावें, असा क्रम होता. भूतबाधा, करणी, पूर्वजन्मींचें पाप या कल्पना लोकांत पूर्वींपासून होत्याच. त्यांत आतां पोलिसाची भर पडली. ज्या रोगाची वाट चौकी आणि कचेरी यांवरून जाते, तो रोग लोकांना गुन्ह्यासारखा वाटूं लागल्यास नवल नाहीं. कायद्याचा हेतु बंदोबस्ताचा होता, परंतु त्यानें लाजही पक्की केली.

मात्र त्याच कायद्यांत एक खिडकी उघडी ठेविली होती. नातलगानें किंवा स्नेह्यानें पुढें येऊन, "या माणसाची नीट काळजी घेईन, त्याच्या हातून त्याला स्वतःला वा दुसऱ्याला इजा होऊं देणार नाहीं," असा जामीन दिल्यास रोग्याला त्याच्या स्वाधीन करतां येत असे. या खिडकींतून बाहेर आलेला सर्वांत प्रसिद्ध मनुष्य म्हणजे ताजुद्दीन बाबा.

बाबांचा जन्म १८६१ सालीं नागपूरजवळच्या कामठी छावणींत झाला. आईबापांचें छत्र लहानपणींच हरपलें. पुढें ते पलटणींत शिपाई झाले, आणि सागर येथें असतांना नोकरी सोडून फकिरी वृत्तीनें राहूं लागले. नातलगांनीं त्यांना कामठीस परत आणलें आणि औषधोपचार करून पाहिले. रस्त्यांतलीं पोरें त्यांना दगड मारीत, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. छावणींतील गोऱ्या लोकांच्या तक्रारीवरून १८९२ सालीं त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत झाली. तेथें त्यांनीं सोळा वर्षें काढलीं. या काळांत त्यांची कीर्ति भिंतींबाहेर पसरली, आणि त्यांच्या दर्शनाला लोक इस्पितळाच्या दाराशीं येऊं लागले.

१९०८ सालीं भोसले घराण्यांतील राजे रघूजीराव पुढें आले. राज्य जाऊन अर्धशतक लोटलें होतें; उरला होता तो मान आणि सक्करदऱ्याचा वाडा. या हिंदु राजानें एका मुसलमान फकिराकरितां सरकारांत जामीन दिला. तो दोन हजार रुपयांचा होता, अशी परंपरा आहे. बाबांना मिरवीत सक्करदऱ्यास आणून रघूजीरावांनीं आपल्या वाड्याच्या आवारांतील लाल कोठींत त्यांची सोय केली. १९२५ सालीं बाबांनीं देह ठेविला. नागपूरच्या ताजबागेंत त्यांचा दर्गा आहे, आणि इस्पितळाच्या ज्या जागीं ते राहिले तिलाही भक्त आदरानें 'पागलखाना शरीफ' म्हणतात.

बाबांची अवस्था व्याधीची होती कीं सिद्धाची, याचा निवाडा इतिहासानें करावयाचा नाहीं. इतिहासाला दिसतें तें एवढेंच कीं, सोळा वर्षें वेड्यांच्या इस्पितळांत काढलेल्या माणसाला एका प्रतिष्ठित घरानें उघडपणें जवळ केलें, आणि त्या घराच्या नांवाला बट्टा लागला नाहीं. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. लोकांनीं कोठडी विसरून कोठडींतील साधु पाहिला. त्याच भिंतींआड जे साधु नव्हते, त्यांच्याकरितां कोणी राजा आला नाहीं. मान मिळण्यासाठीं रोग्याला आधीं संत ठरावें लागलें, तर कलंक जागच्या जागींच राहिला असें म्हटलें पाहिजे.

योगायोग असा कीं, त्याच १९०८ सालीं अमेरिकेंत क्लिफर्ड बीअर्स नांवाच्या तरुणानें आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. बीअर्स येल विद्यापीठाचा पदवीधर होता. मन ढासळल्यामुळें तीन वर्षें तो वेड्यांच्या इस्पितळांत होता. बरा झाल्यावर मित्रांनीं सुचविलेली गुप्तता न पाळतां, तेथील मारहाण आणि अपमान त्यानें स्वतःच्या नांवानिशीं लिहिला. त्यानें स्वतःला साधु म्हणविलें नाहीं. आजारी होतों आणि बरा झालों, एवढेंच सांगितलें. त्या एका कबुलींतून मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली, आणि पुढें ती इतर देशांतही पोंचली.

महाराष्ट्रांत अशा बोलण्याला वेळ लागला. कॅनडांत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं आपल्या घरांतील स्किझोफ्रेनियाविषयीं उघडपणें बोलून पुण्यांत रोगी व त्यांचे आप्त यांच्यासाठीं संस्था उभी केली. त्यांच्या प्रयत्नांतून आलेल्या 'देवराई' या २००४ सालच्या मराठी चित्रपटानें हा आजार अनेक घरांच्या बैठकींत आणला. तोंपर्यंत मौनाची किंमत देशाला कळून चुकली होती. २००१ सालीं तामिळनाडूंतील एर्वाडी येथें, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागून साखळदंडांनीं बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. श्रद्धा सोबत करूं शकते. परंतु उपचार नाहीं आणि रोग्याची कोणी उघडपणें विचारपूसही करीत नाहीं, तेथें श्रद्धेच्या दारांतही बेडी पडते.

१८५८ च्या कायद्याची जागा १९१२ च्या, त्याची १९८७ च्या, आणि त्याची २०१७ च्या कायद्यानें घेतली. या शेवटच्या कायद्यानें साखळदंडांना बंदी घातली, उपचार हा हक्क ठरविला, आणि विम्यांत मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीनें धरावा असें सांगितलें. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्लाही मिळतो. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसलें कीं, मनाच्या बहुतेक विकारांत शंभरांतील सत्तर किंवा त्याहूनही अधिक रोग्यांपर्यंत उपचार पोंचतच नाहींत. कायद्याला वाड्याचें दार उघडतां येतें. घराचें दार घरच्यांनाच उघडावें लागतें.

रघूजीरावांनीं भरलेला जामीन रुपयांचा असला, तरी त्याचें खरें मोल "हा मनुष्य माझ्या घरीं राहील" या जाहीर शब्दांत होतें. तेवढे शब्द बोलावयास राजवाडा लागत नाहीं. "आमच्या घरांत हा आजार आहे, आणि त्यावर उपचार चालू आहेत," असें शेजाऱ्याला सहजपणें सांगणारें प्रत्येक घर तोच जामीन आपल्या माणसाकरितां भरीत असतें. आणि त्यासाठीं त्या माणसाला अगोदर संत व्हावें लागत नाहीं.