संपादक टिळक आणि मुंबईचे कायदेकौन्सिल (१८९५–१८९७)

लोकमान्य टिळकांच्या चरित्रात १९०८ चा खटला, मंडालेचा कारावास व होमरूलची चळवळ यांना जे स्थान मिळाले आहे, ते त्यांच्या मुंबई कायदेकौन्सिलातील सभासदत्वाला मिळालेले नाही. हा कालखंड अल्प होता हे खरे. तथापि वृत्तपत्राचा संपादक आणि कायदेमंडळाचा सभासद या दोन भूमिका एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आल्या असता सत्तेचा प्रश्न कसा उभा राहतो, हे पाहण्यास तो विशेष उपयुक्त आहे.

‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर या दोघांनाही तुरुंगवास घडला. सामाजिक सुधारणेविषयीच्या मतभेदामुळे आगरकर बाहेर पडले व त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यानंतर ‘केसरी’ची सूत्रे क्रमाने टिळकांकडे आली. १८९५ मध्ये कौन्सिलवर निवड झाली तेव्हा त्यांच्यापाशी पद किंवा जहागीर नव्हती, वाचकवर्ग होता.

ज्या कौन्सिलात ते गेले त्याची घटना १८९२ च्या कायद्याने ठरलेली होती. स्थानिक संस्था आदींनी नावाची शिफारस करावी आणि गव्हर्नराने नेमणूक करावी, अशी ही निवडणूक होती; ‘निवडणूक’ हा शब्द मूळ कायद्यात हेतुतः टाळलेला होता. सभासदांना प्रश्न विचारता येत, पण पुरवणी प्रश्न विचारता येत नसत. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. सारांश, तेथे वाणीला परवानगी होती, निर्णयाला नव्हती.

१८९६ च्या दुष्काळाने या मर्यादेची कसोटी पाहिली. दुष्काळ-निवारणाचे नियम सरकारनेच केलेले होते. परंतु त्यांनी आपणास कोणते हक्क दिले आहेत, हे रयतेस ठाऊक नव्हते. ते नियम ‘केसरी’ने मराठीत समजावून सांगितले. पीक बुडाले असता साऱ्याची तहकुबी व सूट मागणे ही याचना नसून कायदेशीर मागणी आहे, हे त्याने शेतकऱ्यांच्या मनावर बिंबविले. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी हाच संदेश घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. कौन्सिलातील इंग्रजी भाषणाने जे साधणे अशक्य होते ते मराठी पत्राने साधले. सरकारी रोषाचे एक कारण येथे सापडते.

त्याच वर्षी टिळकांची कौन्सिलवर पुनश्च निवड झाली. लॉर्ड सँडहर्स्ट हे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि वातावरण पालटले. २७ जुलै रोजी टिळकांना अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामीन दिला. खटला रँडच्या वधाचा नव्हता. १५ जूनच्या ‘केसरी’तील शिवाजी-उत्सवाविषयीच्या मजकुराचा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ येथवर ताणला. नऊ ज्यूरर्सपैकी सहांनी दोषी व तिघांनी निर्दोष असे मत दिले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलमच विस्तृत करण्यात आले.

यावरून दुष्काळातील लेखनासाठीच ही शिक्षा झाली, असे अनुमान काढणे युक्त होणार नाही. रँडवधानंतरच्या भीतीचा भाग त्यात मोठा होता. परंतु एक गोष्ट निर्विवाद दिसते. सभासद टिळकांचे भाषण सरकारला सहन होत होते, कारण त्याने काहीच बदलत नव्हते. संपादक टिळकांचे लेखन सहन होत नव्हते, कारण त्याने लोकांचे वर्तन बदलत होते. कौन्सिलातील आसनाने संपादकाला कोणतेही संरक्षण दिले नाही.

तुरुंगातून सुटल्यावर टिळक पुन्हा कौन्सिलात गेले नाहीत. म्हणून कायदेमंडळ त्यांनी तत्त्वतः त्याज्य मानले, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस लोकशाही पक्षाच्या जाहीरनाम्यात त्यांनी नव्या कायदेमंडळांत प्रवेश करून त्यांचा उपयोग करण्याचेच धोरण मांडले. कौन्सिल प्रवेशयोग्य आहे किंवा नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न नव्हता. बाहेरील लोकमताचे बळ पाठीशी आहे किंवा नाही, हा होता. त्या वर्षअखेरच्या निवडणुका पाहण्यास मात्र ते राहिले नाहीत; १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले.