सिंटालुटा
सिंटालुटा : कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतातील लहान गाव. रेजायना या राजधानीच्या पूर्वेस सुमारे 85 किमी., कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या मुख्य मार्गावर. मूळ रहिवाशांच्या भाषेत 'सिंटे' म्हणजे शेपूट व 'लुटा' म्हणजे तांबडे. त्यावरून तांबड्या कोल्ह्याचे शेपूट असा नावाचा अर्थ लावतात. भोवती गव्हाची सपाट शेती.

गावाचे महत्त्व त्याच्या स्टेशनामुळे आहे. 1901 मध्ये गहू अमाप पिकला, पण तो न्यायला रेल्वेच्या वाघिणी पुरेनात. आल्या त्या एलेव्हेटर कंपन्यांना, म्हणजे यांत्रिक कोठारांच्या मालकांना, आधी मिळत. शेतकऱ्याला त्यांच्याच दारात जावे लागे. तिथे ते ठरवतील ती प्रत, ते सांगतील ती घट. धान्यव्यवहाराच्या कायद्याने दिलेला दुसरा मार्ग मालधक्क्याचा होता. घोडागाडी धक्क्याला लावून फावड्याने गहू थेट वाघिणीत भरायचा. एक वाघीण म्हणजे सुमारे 1,000 बुशेल, त्यामुळे खेपांवर खेपा होत. पण माल शेवटपर्यंत आपल्या नावावर राही. मात्र त्यासाठी आधी वाघीण हाती यायला हवी.

डिसेंबर 1901 मध्ये शेजारच्या इंडियन हेड येथे धान्य उत्पादकांची संघटना उभी राहिली. वाघिणी स्टेशनवरील मागणीच्या नोंदवहीतील क्रमानेच द्याव्यात, अशी दुरुस्ती 1902 मध्ये या कायद्यात झाली. सिंटालुटाच्या स्टेशन एजंटाने ती पाळली नाही, म्हणून संघटनेने त्याच्यावर खटला भरला. त्याला 50 डॉलर दंड झाला आणि सर्वोच्च न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. नोंदवहीत नाव लिहिलेल्या साध्या शेतकऱ्याचा हक्क एका बलाढ्य रेल्वे कंपनीला मानावा लागला. कॅनडातील शेतकरी चळवळीचा हा पहिला खरा विजय म्हटला पाहिजे.

पुढचे पाऊलही याच गावचे. येथील शेतकरी ई. ए. पार्ट्रिज 1905 मध्ये विनिपेगला जाऊन धान्यबाजाराचे व्यवहार पाहून आले. त्यातून 1906 मध्ये 25 डॉलरच्या भागांवर शेतकऱ्यांची ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी निघाली. बाजारातील सभासदत्वाला 2,500 डॉलर लागत. कमी पडलेल्या रकमेच्या कर्जाला सिंटालुटाच्या काही शेतकऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सह्या दिल्या. नफा मालाच्या प्रमाणात वाटण्याच्या बेतावरून बाजाराने त्याच वर्षी कंपनीचे व्यवहार बंद पाडले. मॅनिटोबा सरकारच्या दबावामुळे 1907 मध्ये तिला परत घ्यावे लागले. 1917 मध्ये अल्बर्टातील सहकारी एलेव्हेटर कंपनीशी विलीन होऊन ती युनायटेड ग्रेन ग्रोअर्स झाली.