राहुलचा वारसा

आपली पोरं अजिंठ्याला जातात, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढं घटकाभर उभी राहतात अन् परततात. उंद्रीहून बुलढाण्यामार्गे अजिंठा काही फार लांब नाही. दोस्तहो, पुढच्या खेपेला सतरा नंबरच्या लेण्यात जा. गाभाऱ्याआधीच्या अंतराळाच्या भिंतीवर राहुल उभा आहे.

बुद्ध कपिलवस्तूला परतलेत, हातात भिक्षापात्र. दाराशी यशोधरा, तिच्यापुढं लहानगा राहुल. बुद्धांची आकृती एवढी मोठी की मायलेकरं चिमुकली दिसतात. चिताऱ्याला माप कळत नव्हतं म्हणता? यशोधरेचे दागिने बघा, मग बोला. हा आकार अंगाचा नाही, ज्ञानाचा आहे. तिच्या अंगावर दागिने, त्यांच्या अंगावर साधं चीवर. मी कापडातला माणूस, माझी नजर आधी चीवरावरच गेली. राजवाडा सोडलेला माणूस एवढ्या एका कापडात उभा केलाय.

माती, तूस, गवत यांचा लेप, वर चुन्याचा पातळ हात, मग काव, पिवळी माती, काजळी. निळा दगड तेवढा अफगाणिस्तानाकडचा. पाचव्या शतकातला शिलालेख इथं आहे. त्यात वाकाटक हरिषेण आहे, लेणं करवून घेणाऱ्या मांडलिकाची स्तुती आहे. माती मळणाऱ्याचं नाव नाही. १८१९ साली शिकारीला आलेला जॉन स्मिथ मात्र दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून गेला!

'बापाकडं वारसा माग,' असं म्हणून आई राहुलला पुढं करते. बापाजवळ ना सोनं ना राज्य. त्यांनी पोराला संघात घेतलं, हाच वारसा.

हा शब्द आपल्याला झोंबतो. आपल्या बापजाद्यांचा वारसा म्हणजे वतन. बापाची वेठ पोराच्या मानेवर, अन् वर त्यालाच हक्क म्हणायचं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. मुंबई राज्यात हलकी ठरवलेली गावकामाची वतनं मोडायचा कायदा झाला तो १९५८ साली.

बरं, राहुलला तरी कुणी विचारून घेतलं? विनयात पुढची हकीगत आहे. आजोबा शुद्धोदन येऊन गाऱ्हाणं घालतो: आधी तू गेलास, मग नंद गेला, आता नातूही. बुद्धांनी त्याला गप्प बसवलं नाही. आईबापाच्या होकाराशिवाय पोराला प्रव्रज्या द्यायची नाही, असा नियम त्यांनी भिक्खूंना घालून दिला.