पदवी आणि उमेदवारी

विद्या शाळेंत मिळते आणि कसब कामावर मिळतें, ही गोष्ट सुताराच्या किंवा लोहाराच्या घरांत कोणास समजावून सांगावी लागत नसे. तेथें शाळा आणि कर्मशाळा एकच होती. पुढें यंत्रयुग आलें; गणित व पदार्थविज्ञान यांवांचून पूल बांधतां येईना कीं इंजिन चालवितां येईना, आणि तंत्रविद्येचीं महाविद्यालयें निघालीं. तेव्हांपासून एक प्रश्न उभा राहिला तो अद्याप मिटलेला नाहीं. पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण आणि प्रत्यक्ष कामावर उभा राहूं शकणारा तरुण यांमध्यें जें अंतर राहतें, तें कोणीं भरून काढावयाचें आणि त्याचा खर्च कोणीं सोसावयाचा? वेबच्या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्या आजच्या पदवीधरांपुढें हाच प्रश्न आहे. मात्र त्याचें वय दीडशें वर्षांहून अधिक आहे.

पुण्यास १८५४ सालच्या जुलै महिन्यांत ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ ही संस्था सुरू झाली. इमारती, धरणें, कालवे, पूल आणि लोहमार्ग यांच्या कामांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी सरकारला हवे होते. म्हणजे काम आधीं होतें आणि शाळा त्यासाठीं मागाहून निघाली. १८६६ सालीं ही संस्था मुंबई विद्यापीठाशीं जोडली गेली आणि विद्यार्थी विद्यापीठाच्या परीक्षांस बसूं लागले. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या १८८३ सालीं येथूनच पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले. दुसऱ्या वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत साहाय्यक इंजिनीअर म्हणून त्यांची नेमणूक नाशिकास झाली, आणि लवकरच खानदेशांत पांझरा नदीच्या पात्रांतून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाचें काम त्यांच्यावर पडलें. नदीच्या पुराशीं आणि वाहून येणाऱ्या वाळूशीं गांठ कशी घालावी हें परीक्षेनें शिकविलें नव्हतें. तें त्यांनीं नदीवरच, पगारी नोकर म्हणून, शिकून घेतलें. शिक्षण देणारें आणि काम देणारें सरकार एकच असल्यामुळें पदवी व कसब यांमधील पूल त्यानेंच बांधला. परंतु सरकारी जागा मोजक्याच, आणि तो पूल तितक्याच जणांपुरता होता.

ह्या प्रश्नाचें अधिक पद्धतशीर उत्तर त्याच सुमारास जपानमध्यें शोधलें गेलें. १८७३ सालीं ग्लासगोचा हेन्री डायर हा अवघा पंचविशींतला इंजिनीअर तोकियोच्या नव्या इंजिनीअरिंग महाविद्यालयाचा प्रमुख म्हणून गेला. इंग्लंडांत त्या काळीं इंजिनीअर घडे तो कारखान्यांतील उमेदवारीनें; युरोपखंडांत तो घडे विद्यालयांतील शास्त्राभ्यासानें. डायरनें या दोन परंपरांचा मेळ घातला. त्याचा अभ्यासक्रम सहा वर्षांचा. पहिलीं दोन वर्षें सामान्य शिक्षण. मधल्या दोन वर्षांत सहा महिने वर्ग आणि सहा महिने काम. शेवटचीं दोन वर्षें सर्वस्वीं काम. त्यासाठीं आकाबाने येथील सरकारी यंत्रशाळा विद्यार्थ्यांना मोकळी होती. या योजनेचें मर्म असें कीं उमेदवारी ही पदवीनंतर शोधावयाची वस्तु राहिली नाहीं. ती पदवीचाच भाग झाली.

अमेरिकेंत हाच विचार १९०६ सालीं सिनसिनाटी विद्यापीठांत हर्मन श्नायडर यांनीं निराळ्या वाटेनें अंमलांत आणला. प्रारंभीं विद्यार्थी होते अवघे २७. त्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एक आठवडाभर वर्गांत बसे तेव्हां दुसरा कारखान्यांत राबे, आणि पुढल्या आठवड्यांत अदलाबदल होई. कारखानदार कामाची मजुरी देत. विद्यार्थ्यास शिकतां शिकतां चार पैसे मिळत आणि वर्गांत शिकलेलें सूत्र दुसऱ्याच आठवड्यांत लोखंडावर पारखून पाहतां येई.

आपल्याकडे उद्योग वाढले तसा हा विचार येथेंहि रुजूं लागला. मुंबईंत कापडाच्या गिरण्यांची भरभराट चालू असतां १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें त्रिभुवनदास गज्जर यांनीं १८९० सालीं कलाभवन उभारलें. स्वातंत्र्यानंतर १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आरंभीं तो कारागिरांपुरता होता; १९७३ सालच्या दुरुस्तीनें पदवीधर व पदविकाधारक इंजिनीअरहि त्याच्या कक्षेंत आले. एक वर्ष कारखान्यांत उमेदवारी करावी, विद्यावेतन मिळावें, आणि त्या विद्यावेतनाचा किमान दराचा निम्मा भार केंद्र सरकारनें उचलावा, अशी ही व्यवस्था होती. खर्च सरकार आणि धनी यांनीं वांटून घ्यावा हें तत्त्व येथें कायद्यानें मान्य केलें.

संगणकाच्या उद्योगानें ही घडी विस्कटून टाकली. १९८३ सालीं वसंतदादा पाटील यांच्या कारकीर्दींत महाराष्ट्रानें विनाअनुदान तंत्रमहाविद्यालयांस परवानगी दिली आणि गांवोगांवीं पदव्या मिळूं लागल्या. तिकडे टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत मांडलेली वेबची कल्पना १९९३ सालीं सर्वांना विनामूल्य खुली झाली, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट सुरू केलें. धंदा वर्षांत बदले आणि अभ्यासक्रम कित्येक वर्षांत. मधली पोकळी भरण्यास नवे हात पुढें आले. एनआयआयटीसारखे खाजगी वर्ग १९८१ सालापासून चालू होतेच. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें १९९३ सालीं प्रशिक्षणशाळा काढली. तिचा सहा महिन्यांचा प्रगत संगणनाचा अभ्यासक्रम पदवीधरांत नांवाजला. मोठ्या कंपन्यांनीं स्वतःचीच विद्यालयें उभारलीं. म्हैसूर येथें इन्फोसिसनें नव्या नोकरांना पगार देऊन कित्येक महिने शिकविण्याची सोय केली.

पदवीधरास एवढें काय येत नव्हतें, असा प्रश्न साहजिक आहे. परीक्षेंत आज्ञावली लिहावयाची ती कागदावर, एकट्यानें, एकदांच. उत्तर बरोबर आलें कीं काम संपलें. वेबवरील काम तेथेंच सुरू होतें. रेल्वेचें आरक्षण उघडतें तेव्हां असंख्य लोक एकाच क्षणीं तेंच पान मागतात. दोघांस एकच जागा विकली जातां कामा नये. कोणी वाईट हेतूनें भलताच मजकूर भरला तर माहितीचें कोठार फुटतां कामा नये. आपण लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां आलें पाहिजे आणि दुसऱ्यानें पांच वर्षांपूर्वीं लिहिलेलें आपणांस न मोडतां दुरुस्त करतां आलें पाहिजे. अनेकांनीं केलेले फेरफार नोंदवून ठेवणारें गिट हें साधन लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं घडविलें. आज वेबच्या कामांत त्याच्यावांचून पान हलत नाहीं. हें सारें कसब वाचून येत नाहीं. चालत्या कामांत, जाणत्या माणसाच्या नजरेखालीं, चुका दाखवून घेतच तें अंगीं मुरतें.

२०१८ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमानें कामावरील अनुभवास पदवींतच स्थान दिलें. डायरचा विचार कागदावर तरी मान्य झाला. पण इतिहासाचा धडा केवळ वेळापत्रकापुरता नाहीं. पुण्यास सरकारनें, सिनसिनाटीस कारखानदारांनीं, १९७३ च्या कायद्यानें दोघांनीं मिळून जो भार उचलला, तो आज पुष्कळ ठिकाणीं विद्यार्थ्याच्या घरावर येऊन पडला आहे. पदवीचें शुल्क भरून झाल्यावर वर्गाचें शुल्क, आणि त्यावर बिनपगारी उमेदवारी! ज्या घरास हें झेपतें त्या घरचा मुलगा वा मुलगी पलीकडे जाते; ज्यास झेपत नाहीं त्या घरची बुद्धि पदवीचा कागद हातीं धरून अलीकडेच उभी राहते.

म्हणून महाविद्यालय निवडतांना सुशिक्षित कुटुंबांनीं भव्य इमारतीकडे व जाहिरातींतील आंकड्यांकडे पाहण्यापेक्षां दोन साधे प्रश्न विचारणें अधिक हिताचें आहे. येथें विद्यार्थी खऱ्या कामावर किती महिने असतो, आणि त्या महिन्यांचा खर्च कोण देतो? ज्या समाजांत या प्रश्नांचें उत्तर संस्था व धनी यांस द्यावें लागतें, तेथें पदवीला कामाची जोड मिळते. जेथें तें कोणी विचारीतच नाहीं, तेथें पदव्या वाढतात आणि कसब मात्र ज्याला विकत घेतां येतें त्याच्याच घरीं जातें.