वाइल्डिंगची तोफ

जुलै १९१३. लंडनच्या वर्पल रोडवर, जुन्या विम्बल्डनच्या गर्दीत उभे आहात तुम्ही. पुढच्यांच्या टोप्या आड येतायत, टाचा उंचावल्याशिवाय कोर्ट दिसत नाही. या काळात गतविजेत्याची चैन असते बघा: बाकीचे फेऱ्यांमागून फेऱ्या खेळून दमतात, हा फक्त उरलेल्या एकाशी खेळतो. हा म्हणजे न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा अँथनी वाइल्डिंग. समोर अमेरिकेचा मॉरिस मॅक्लॉलिन, ज्याच्या सर्व्हिसची भल्याभल्यांनी धास्ती घेतलीय. वाइल्डिंग ती शांतपणे परतवत राहतो. ८-६, ६-३, १०-८. ओळीने चौथं विजेतेपद!

पण त्याचा जीव खरा इंजिनात. स्पर्धेला जायचं तर आगगाडी कशाला? मोटारसायकलला किक मारायची आणि युरोपातले रस्ते पालथे घालायचे. हेच वेड त्याला पुढे कुठे नेणार आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही.

१९१४. विम्बल्डन जातं, नॉर्मन ब्रूक्स हरवतो. मग त्याच ब्रूक्सच्या जोडीने पिट्सबर्गला डेव्हिस कपमध्ये जर्मनीशी सामना, आणि तो चालू असतानाच तिकडे युरोप पेटतो. हरलेले दोघे जर्मन, फ्रॉइट्झहाइम आणि क्रॉयझर, घरी परतताना ब्रिटिशांच्या कैदेत पडतात.

ऑक्टोबरात वाइल्डिंग रॉयल मरीन्समध्ये. युरोपचे रस्ते पाठ असलेला गडी लष्कराला हवाच असतो. आधी गुप्तवार्ता विभाग, मग चिलखती मोटारी. कॅप्टनही होतो.

९ मे १९१५. फ्रान्समधलं न्यूव्ह शापेल. याच गावात गेल्या ऑक्टोबरात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची माणसं पडली. आज मेरठ डिव्हिजनचे जवान पहाटेपासून पुढे सरसावतायत आणि मशीनगनसमोर कोसळतायत. वाइल्डिंगकडे तीन पौंडी तोफ आहे, मोटारीमागे ओढायच्या गाड्यावर बसवलेली. कालच त्याने पत्रात लिहिलंय, की हे काम तोफेसकट आपल्या सगळ्यांचा धुव्वा उडवायच्या लायकीचं आहे.

दुपारी तो डगआउटमध्ये शिरतो. आयपीएलमधलं नव्हे, जमिनीत खणलेलं. आवाजाने कान बधिर झालेत. तुम्ही हाक मारली तरी त्याला पोचणार नाही.

पावणेपाचच्या सुमारास एक गोळा बरोबर त्या छतावर येतो. वाइल्डिंग ३१ वर्षांचा आहे.